उताणं झुरळ

"आज काय शिकवलं नाचाच्या बाईंनी?" मास्तरांनी जेवायला बसता बसता विचारलं.

"उताणं झुरळ," खारू म्हणाली.

मास्तरांचा घास हातातच राहिला. "आणि परवा?"

"परवा पण उताणं झुरळ. आणि शेवटी थोडी फळी."

"फळी म्हणजे?"

"म्हणजे पालथं व्हायचं, कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग उचलायचं आणि फळीसारखं सरळ राहायचं. हलायचं नाही."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असायची, त्यामुळे घरी आल्यावर तिला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. "चांगलं आहे की," ती म्हणाली. "आपली कार्टी हलत नाही म्हणजे चमत्कारच आहे."

ते खरंच होतं. मुलगी जन्मल्यापासून एका जागी ठरली नव्हती. पलंगावरून खिडकीत, खिडकीतून कपाटावर. म्हणून तर दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं आणि घरीदारी तिची खारू झाली. पण मास्तरांचं दुःख वेगळं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखंही नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते मोटार शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बोलत राहायचं, हा त्यांचा धंदा. त्यातलं बोलत राहायचं काम त्यांना फार आवडे. शिकाऊ माणसाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि जीव मुठीत. तो बिचारा कुठे जाणार? अशा हक्काच्या श्रोत्यांपुढे मास्तरांनी गेलं वर्षभर लेकीचं कौतुक चालवलं होतं. आणि कौतुक ही गोष्ट उतारावरच्या गाडीसारखी असते, ब्रेक नाही लावला तर आपला वेग आपणच घेते. सुरुवातीला 'मुलगी नाच शिकते' होतं, ते 'फार छान शिकते' झालं, आणि एक दिवस, वळणावर गाडी बंद पडलेली असताना, मास्तर बोलून गेले, "आमची खारू दोन्ही पाय दोन दिशांना सरळ पसरून जमिनीवर बसते. पाय आणि जमीन यांच्यात कागद सरकवून दाखवा!"

आता खारू असं कधीच बसली नव्हती. क्लासच्या दारातून एकदा मास्तरांनी एका मोठ्या मुलीला तसं बसताना पाहिलं होतं, एवढंच. पण आज ना उद्या आपली पोरही बसेलच, मग आगाऊ सांगितलं तर काय बिघडलं, असा त्यांचा हिशेब. महिन्याभरावर क्लासचा कार्यक्रम होता. मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना बोलावलं होतं, झाडून सगळ्या शिकाऊ मंडळींना बोलावलं होतं, आणि त्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी तर त्या दिवशी दवाखाना बंद ठेवायचं ठरवलं होतं.

"मग ते पाय पसरून बसायचं कधी शिकवणार?" मास्तरांनी आवाज शक्य तितका सहज ठेवत विचारलं.

"ते मोठ्या मुलींना. आम्ही कार्यक्रमात एका पायावर उभं राहणार. मी मधोमध!"

"एका पायावर?" मास्तर ओरडलेच. "एका पायावर तर बगळा उभा राहतो! बगळ्याला कोणी टाळ्या वाजवतं का?"

खारूचा चेहरा पडला. मग तिने बापाकडे नीट पाहिलं. पोर हुशार होती. "बाबा, तुम्ही लोकांना काय सांगितलंय?"

मास्तरांनी सांगितलं. कागदासकट सांगितलं. खारू ताटाकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे आता मी कितीही चांगली उभी राहिले तरी सगळे म्हणणार, हिला ते येत नाही." आणि ताट तसंच टाकून उठली.

पोरीला मिरवायला निघालो आणि पोरीचंच नाक कापलं, हे मास्तरांना कळलं. पण चूक कळली की माणूस चूक कबूल करतो थोडाच? तो ती निस्तरायला जातो आणि दुसरी करतो. "मी बोलतो बाईंशी," मास्तर म्हणाले. "महिना आहे हातात."

"अहो, नका," बायको म्हणाली. "उंटावरून शेळ्या हाकू नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची शिकवणी चालू असताना मास्तरांनी गाडी मुद्दाम क्लासच्या रस्त्याला घ्यायला लावली. डॉक्टरबाईंना थांबायला सांगून ते आत गेले. आत लाकडी फरशीवर सात मुली उताण्या पडल्या होत्या. हात वर, गुडघे वर. मग एक हात डोक्यामागे जाई आणि त्याच्या उलट बाजूचा पाय हळूच लांब होई. दोन्ही जमिनीच्या अगदी जवळ नेऊन, न टेकवता, परत आणायचे. खरंच एखादं झुरळ उताणं पडून वळवळतंय असंच वाटत होतं. नाचाच्या बाई प्रत्येकीच्या कमरेखाली एक कागद ठेवून तो ओढून बघत होत्या. कागद निघाला नाही की पुढे जात होत्या.

"बाई," मास्तर म्हणाले, "मी खारूचा बाबा. मुलींना जरा नाच शिकवाल का?"

बाई हसल्या. मास्तरांसारखे पालक त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत. "तोच शिकवतेय. पोट, कंबर, पाठ, हे मधलं अंग आधी घट्ट व्हायला हवं. मग पाय मोकळे होतात. कागद अडकून राहिला म्हणजे कंबर जमिनीला चिकटलेली आहे. निघाला म्हणजे पोरगी पाठीवर ताण घेतेय, थांबायचं."

"पण ते पाय पसरून बसणं..."

"येईल. अंग गरम करून, रोज थोडं थोडं. ताणलं गेलं तर चालतं, टोचलं की थांबायचं. दाबून बसवली तर आज बसेल, आणि उद्यापासून लंगडेल. मास्तर, तुम्ही मोटार शिकवता असं खारू सांगते. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी चौथा गिअर देता का?"

'अति घाई संकटात नेई' हे मास्तरांच्या स्वतःच्या गाडीच्या पाठीवर लिहिलेलं होतं. पण सात मुली उताण्या पडून ऐकत होत्या, त्यात आपली पोर होती, आणि बापाने असं एका वाक्यात गप्प बसणं बरं दिसत नव्हतं.

"अहो बाई, लवचिकपणा रक्तातच असतो आमच्या!" मास्तर छाती काढून म्हणाले. "मी बघा, या वयात, बूट घालून, उभ्या उभ्या अंगठे धरतो!"

"बाबा, नको," खारू म्हणाली.

"थांबा, अंग गरम..." बाई म्हणाल्या.

पण मास्तर खाली गेलेसुद्धा. सकाळपासून गाडीत बसून आखडलेली कंबर, आणि त्यात हा झटका. हात नडगीपर्यंत पोचले आणि कमरेत अशी कळ आली की मास्तरांना दिवसा तारे दिसले. त्यांनी वर यायचा प्रयत्न केला. जमेना. खाली जायचा केला. तेही जमेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना आता फक्त लाकडी फरशी, स्वतःचे बूट आणि भोवती जमत चाललेली चिमुकली पावलं दिसत होती.

"बाई, हे काका काय शोधतायत?" एक आवाज आला.

बाईंनी घाई केली नाही. मुलींना बाजूला करून मास्तरांना गुडघे वाकवायला लावले, आधार देत कुशीवर आणि मग पाठीवर आणलं, पाय खुर्चीवर ठेवले. "आता नुसता श्वास घ्या. उसण भरलीय. ओढाताण करायची नाही." मास्तरांनी डोळे मिटले. तेवढ्यात मघाचीच चिमुरडी कागद घेऊन आली आणि मास्तरांच्या कमरेशी वाकून बघू लागली. "बाई, इथून कागद काय, अख्खं दप्तर जाईल!"

मुली खो खो हसल्या. एकटी खारू हसली नाही. ती बापाचा हात धरून बसली होती, आणि मास्तरांना त्या कमरेपेक्षा ते जास्त दुखलं.

आता प्रश्न होता घरी जायचा. मास्तरांना गाडी चालवता येणं शक्यच नव्हतं. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, खारू पुढे बसली आणि स्टिअरिंगवर डॉक्टरबाई. डॉक्टरबाईंची ही जेमतेम दुसऱ्या आठवड्याची शिकवणी.

"मास्तर, कुठल्या गिअरमध्ये जाऊ?"

"पहिल्याच," मास्तर मागून कण्हले. "घर येईपर्यंत पहिल्याच."

त्या दिवशी मास्तरांनी ते शहर आयुष्यात प्रथमच उताणं पडून पाहिलं. नुसत्या तारा, गच्च्या आणि झाडांचे शेंडे. पुढे काय येतंय ते दिसत नव्हतं, आणि म्हणून जास्तच भीती वाटत होती. हॉर्न ऐकू आला की सवयीने त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर जाई, आणि पाय गेला की कमरेत कळ येई. मागे गाड्यांची रांग लागली. एक सायकलवाला पुढे निघून गेला, जाताना आत डोकावून म्हणाला, "आजोबांना दवाखान्यात नेताय का?"

"बाबा आहेत," खारू ठसक्यात म्हणाली. "आजोबा नाहीत."

बायकोने दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलंच नाही. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," एवढंच म्हणाली आणि शेकायची पिशवी आणायला आत गेली.

खऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे कमरेच्या, तपासून काही दिवस विश्रांती सांगितली, कमरेला रुंद पट्टा दिला आणि कळ ओसरल्यावर हलका व्यायाम करायला सांगितलं. "कोणी शिकवणारं आहे का घरी?" त्यांनी विचारलं.

"आहे," खारू म्हणाली.

आणि मग त्या घरात विचित्र शिकवणी सुरू झाली. बाप सतरंजीवर उताणा, लेक शेजारी मांडी घालून. पहिले काही दिवस तिने बापाला नुसता श्वास घ्यायला लावला. मग एक पाय. मग एक हात. मास्तरांना वाटलं होतं, हे काय, पोरखेळ! पण उलटे हात-पाय एकदम लांबवले की त्यांचं पोट जुन्या इंजिनासारखं थरथरू लागे आणि कपाळावर घाम फुटे.

"थरथरतंय," मास्तर म्हणायचे.

"थरथरू दे. टोचतंय का?"

"नाही."

"मग पाठ चिकटलेली ठेवा. श्वास सोडत पाय न्या. घाई नको, बाबा." मग ती कागद ओढून बघायची. कागद निघायचा. रोज निघायचा. "पहिला गिअर," ती म्हणायची. "उद्या परत."

एका संध्याकाळी असंच पडल्या पडल्या मास्तर छताकडे बघत म्हणाले, "खारू, हे अवघड आहे गं."

"मग मी काय सांगत होते?"

"आणि तू हे एका पायावर उभी राहून करतेस?"

"हं."

आपल्या पोरीला किती येतं हे मास्तरांना वर्षभरात कळलंच नव्हतं. जे येत नव्हतं त्याचा डंका पिटत बसलो आणि जे येत होतं त्याला बगळा म्हणालो! दुसऱ्या दिवशी मास्तर पट्टा बांधून कामावर गेले ते सगळ्यांना खरं सांगायचं ठरवूनच. पण मालक म्हणाले, "मास्तर, कागद मी घेऊन येणार बरं का!" आणि मास्तर "या, या" म्हणून मोकळे झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी खारूने निघताना बापाला एकच गोष्ट बजावली. "बाबा, तुम्ही या. पण काहीही करू नका. नुसते बघा."

"शप्पथ," मास्तर म्हणाले.

पण खुर्चीत फार वेळ बसता येईना. बाईंनी त्यांना रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड, गाणी लावणाऱ्या माणसाच्या टेबलाशी उभं राहायला जागा दिली. तिथून मुली अगदी जवळ दिसत. खारूचा नाच सुरू झाला. गाणी लावणारा पलीकडच्या स्पीकरमध्ये खरखर येते म्हणून प्रेक्षकांच्या बाजूने तिकडे गेला. मास्तर एकटेच राहिले. त्यांनी शपथेप्रमाणे काहीही केलं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसते बघत होते.

नाचता नाचता सातही मुली एका पायावर आल्या. हात वर, दुसरा पाय मागे लांब, आणि मधोमध खारू. ते बघून मास्तरांना राहवलं नाही आणि ते अर्धं पाऊल पुढे सरकले. घात तिथेच झाला. कमरेच्या पट्ट्याचं एक चिकट टोक सुटलं होतं. ते टेबलावरून खाली गेलेल्या वायरीच्या कापडी वेष्टणाला कधी चिकटलं ते त्यांना कळलंच नव्हतं. अर्ध्या पावलाबरोबर वायर आली, वायरीबरोबर प्लग आला, आणि गाणं कापल्यासारखं बंद पडलं.

सभागृहात चिडीचूप. मास्तरांना वाटलं, संपलं! पोरीने एक गोष्ट सांगितली होती, एकच!

त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं. सातही मुली तशाच उभ्या होत्या. एकीचाही पाय खाली आला नाही. आणि जन्मात कधी स्वस्थ न बसलेली त्यांची खारू मधोमध अशी उभी होती की दिव्याची ज्योत हलेल, पण ती हलणार नाही. तिने मान हलवली नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडद्याआड पाहिलं. बाप, त्याच्या पट्ट्याला लोंबणारी वायर, सगळं तिला दिसलं. पलीकडच्या पडद्याआडून बाई तोंडावर हात धरून बघत होत्या. त्यांना रंगमंच ओलांडून येता येत नव्हतं. जे करायचं ते मास्तरांनीच करायचं होतं.

प्लगचा बोर्ड टेबलाखाली, पार भिंतीशी. वाकायचं तर डॉक्टरांनी मना केलेलं, आणि वाकून अडकलो तर पोरी उभ्याच राहणार. मास्तरांनी श्वास सोडला. गुडघ्यावर आले. कुशीवर झाले. मग टेबलाखाली सरकून उताणे झाले. बोर्ड डोक्यामागे होता. प्लग धरलेला उजवा हात डोक्यामागे लांब केला. पोचेना. मग शिकवल्याप्रमाणे डावा पाय उचलून हळूच पुढे लांब केला, पोट आत ओढलं, कंबर फरशीला दाबली. पोट थरथरायला लागलं. थरथरू दे, मास्तर मनात म्हणाले. टोचतंय का? नाही. मग घाई नको. पहिला गिअर. बोटं बोर्डाला लागली, भोकं चाचपडली, आणि प्लगची टोकं खटकन बसली.

त्या यंत्राला एवढी अक्कल होती की गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. सात मुलींनी सात पाय एकदम, पिसासारखे अलगद खाली आणले, आणि सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढचं गाणं कोणाला धड ऐकूच आलं नाही. टेबलाखाली उताण्या पडलेल्या मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर मालकांनी मास्तरांना गाठलं. त्यांच्या हातात कोरा कागद होता, पण तो त्यांनी चुरगळून टाकला होता. "मास्तर! ते मध्येच गाणं बंद करून मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या, ही कोणाची कल्पना? अंगावर काटा आला हो!"

"आणि तुमची मुलगी!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "पापणीसुद्धा नाही हलली. फक्त मास्तर, पडद्याखालून एक बूट बाहेर आला होता. तो पण गाण्यात होता का?"

मास्तर काही बोलणार तोच त्यांना गर्दीत खारू दिसली आणि त्यांनी मालकांना थांबवलं. "मालक, एक सांगायचं राहिलंय. माझ्या मुलीला पाय पसरून बसता येत नाही. मी थाप मारली होती."

"कोणाला पाहिजे ते?" मालक म्हणाले. "पाय काय कोणीही पसरतं. असं उभं राहून दाखवा म्हणावं!"

मास्तरांना वाटलं होतं खारू चिडली असेल. ती समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "बाबा, काहीही करू नका म्हटलं होतं ना?"

"चुकलं," मास्तर म्हणाले.

"पाठ चिकटलेली होती?"

"होती."

"दुखतंय का आता?"

"छे! जरासुद्धा नाही."

खारूने मोठा श्वास सोडला. मग एकदम तिच्या मैत्रिणींचा घोळका आला तशी ती वळली, बापाचा हात धरला आणि छाती काढून, अगदी मास्तरांच्या आवाजात म्हणाली, "हे माझे बाबा! यांना उताणं झुरळ असं येतं, असं येतं, की कंबर आणि जमीन यांच्यात कागद सरकवून दाखवा!"

त्या दिवशीची ती चिमुरडी कागद शोधायला लगेच पळालीसुद्धा.